चार आण्यांची होडी

गेल्या वर्षी याच सदरात कोकणातल्या पावसाविषयी लिहिताना, माझ्याजवळ एक होडी आहे असा ओझरता उल्लेख मी केला होता. गंमत पाहा, त्या लेखातल्या पावसाविषयी एकाही वाचकाने चकार शब्द काढला नाही. पत्रे आली ती सगळी होडीविषयी. डोंबिवलीच्या एका बाईंनी विचारले की, होडी ठेवायला मुळात परवानगी कोण देते, नवरा की सरकार? नाशिकच्या एका कॉलेजकुमाराला तिचा वेग हवा होता. (ओहोटीबरोबर निघालो तर बरा असतो, एवढेच त्याला सांगतो.) आणि पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी मोठ्या सुवाच्य अक्षरात चार पाने लिहून कळवले की, गावचे घर खाडीकाठी आहे, आता वेळही आहे, तेव्हा एखादी वापरलेली होडी आणि जुने इंजिन घ्यावे म्हणतो; घ्यावे का?

मी मराठी शिकवतो. इंजिनाच्या बाबतीत माझा अधिकार म्हणाल तर गेली बारा वर्षे मी त्याची दोरी ओढतो आहे, इतकाच. पण ज्ञानेश्वरीवर बोलताना माझे विद्यार्थी जितक्या जांभया देतात, तितक्या या विषयावर कोणी देत नाही, म्हणून लिहायचा धीर करतो.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून, दोन स्क्रूंनी आवळून अडकवायचे इंजिन. डोके वर, पाय पाण्यात. डोक्यात पेट्रोल जळते, पायाशी पंखा फिरतो, आणि मधल्या लांब नळीतला दांडा वरची धावपळ खाली पोचवतो. काम झाले की स्क्रू सैल करून खांद्यावर टाकून घरी आणता येते. माझे २७ किलोचे आहे. खांद्यावर टाकण्याची गोष्ट मी विशीतल्या विद्यार्थ्यांवर सोपवतो. याला मराठी शब्द काय, असा प्रश्न एकदा आमच्या स्टाफरूममध्ये निघाला होता. एका सहकाऱ्यांनी ‘बहिर्यंत्र’ सुचवला. खाडीवर सगळे ‘मशीन’ म्हणतात. मी घरी बोलताना लिंगावर काम भागवतो : चालू झाला तर ‘तो’, नाही झाला तर ‘ते’.

माझे इंजिन १९७८ सालचे आहे. आठ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. माझ्यापेक्षा वयाने वडील. त्याची कुळी सांगत नाही, कारण पुढे त्याच्या खोड्या सांगायच्या आहेत आणि छापील कागदावर कोणाच्या घराण्याला बट्टा लावणे बरे नव्हे. होडी चौदा फुटी, फायबरची, मधे दोन आडव्या फळ्या, बस्स. होडी ३२ हजारांना मिळाली आणि इंजिन १८ हजारांना. आमच्या सौभाग्यवती बँकेत अधिकारी असल्यामुळे त्यांनी पहिल्याच दिवशी एक वही घातली, वर ‘खाडी खाते’ असे लिहिले, आणि वर्षअखेर ती माझ्यासमोर उघडून म्हणाल्या, “अहो, कोंबडी किती आण्यांची ते कळलं. आता मसाल्याची बेरीज ऐका.” ती बेरीज मी इथे देत नाही. मात्र दुसऱ्या वर्षी ती निम्म्यावर आली आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्म्यावर. वापरलेल्या वस्तूचे असेच असते. आधीच्या मालकाने जे जे उद्यावर टाकलेले असते, ते सगळे पहिल्या वर्षी आपल्या दारात येऊन उभे राहते. एकदा ती देणी फिटली की मग ती वस्तू आपल्याशी सरळ वागते.

म्हणून पुण्याच्या गृहस्थांनी पहिल्यांदा पाहायचे ते आधीच्या मालकाने काय काय उद्यावर टाकले आहे ते.

वापरलेली होडी मे महिन्यात पाहावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर काढायच्या, झापांनी शाकारायच्या, आणि हा खर्च ज्याला नको तो पावसाच्या तोंडावर होडी काढायला तयार असतो. होडीचा रंग पाहू नये. ताजा रंग तर मुळीच पाहू नये. तो कशावर तरी लावलेला असतो. सरळ मागे जावे आणि ज्या फळीवर इंजिन बसते ती फळी धरावी. फायबरच्या होडीत ही फळी वरून फायबरची दिसली, तरी आत बहुधा प्लायवूड असते. इंजिनाच्या स्क्रूंमुळे, कोणी पाडलेल्या भोकांमुळे आत पाणी झिरपत राहते आणि वरचे कवच चकचकीत असताना आतले लाकूड भुसा होऊन जाते. एक छोटी हातोडी घेऊन फळी जागोजाग वाजवावी. निरोगी लाकूड टणटणीत बोलते, कुजलेले भोपळ्यासारखे बद्द वाजते. मग इंजिन अडकवलेले असताना त्याचे डोके धरून मागेपुढे हलवावे. इंजिन हलताना फळीही हलली, तर तेवढ्यावर नमस्कार करून परत फिरावे. ती फळी पुन्हा बांधता येते, पण त्यासाठी होडीचा मागचा भाग कापावा लागतो, आणि ती होडी मग चार आण्यांची उरत नाही.

लाकडी होडीचे वेगळे. ती काही लपवत नाही. फळ्यांचे सांधे उघडे दिसतात, सांध्यांत ठोकलेला कापूस दिसतो, चाकूचे टोक हलके टोचले की कुठे नरम आहे ते कळते. उन्हात महिनाभर उभी राहिली तर फळ्या आकसतात, पाण्यात टाकल्यावर दोन दिवस गळते आणि मग फुगून आपोआप घट्ट होते. नवखा माणूस पहिल्या दिवशीच घाबरून विकून टाकतो. माझ्या मते लाकडी होडी उत्तम. पण तिला रोजचा माणूस लागतो, आणि आम्ही रविवारची माणसे.

इंजिन पाहायला जाताना वेळ कळवून जाऊ नये. कळवलेच तर गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवावा. गरम लागले तर समजावे की आपल्या आधी त्याची कोणीतरी मनधरणी करून ठेवली आहे. जुन्या इंजिनाची खरी परीक्षा थंड असताना पहिली दोरी ओढण्यात आहे. मग खालच्या गिअरच्या पेटीचा तळाचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब तेल बोटावर घ्यावे. काळपट असले तर चालेल. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. हे पाणी बहुतेक वेळा जाते ते नायलॉनच्या दोऱ्यामुळे. जाळ्याचा किंवा गळाचा तुटका दोरा पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो, आत आत सरकतो आणि तिथले रबरी सील कापतो. तीस-चाळीस रुपयांचा दोरा आणि हजारोंचे गिअर. म्हणून मी महिन्यातून एकदा पंखा काढून पाहतो. आजवर तीनदा दोरा सापडला आहे.

चालू इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत उडत असली पाहिजे. त्याचे असे की, आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खाली एक रबरी पाकळ्यांचा पंप असतो, तो खाडीचे पाणी वर चढवतो, इंजिन थंड करतो आणि त्यातले थोडे साक्षीला बाहेर टाकतो. धार थांबली की इंजिन थांबवायचे, मग तुम्ही कुठेही असा. पाण्याबाहेर कोरडे इंजिन ‘जरा चालू करून दाखवतो’ म्हणणाऱ्याचा हात धरावा, कारण त्या रबरी पाकळ्या पाण्याशिवाय काही सेकंदांतच जळू लागतात. आणि हो, नोंदणीचे कागद पाहावेत. इंजिन लावलेल्या होडीची नोंदणी लागते. डोंबिवलीच्या बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आले. उरलेल्या निम्म्यासाठी वहीवाल्या बाईंना भेटावे.

या यंत्राचा जन्म मोठा रसाळ आहे. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला ओले एव्हिनरूड हा मिलवॉकीचा एक मेकॅनिक. आख्यायिका अशी की, सरोवरातल्या बेटावर सहलीला गेले असता बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीम हवेसे वाटले. ओले वल्ही मारत काठावर गेला आणि वल्ही मारत परत आला, तोवर उन्हाने आइस्क्रीमचे पाणी झाले. त्या घामातून आउटबोर्डची कल्पना निघाली म्हणतात. आख्यायिका सोडा, पण १९०९ साली त्याने इंजिने विकायला सुरुवात केली ही गोष्ट खरी : दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. बेस त्याची बायको झाली आणि धंद्याचा व्यवहार तीच पाहू लागली. पहिली जाहिरातही तिनेच लिहिली, आणि तिच्यात लोकांना सांगितले की वल्ही फेकून द्या. याच्या आधीही अमेरिकेत अशी इंजिने निघाली होती, पण लोकांच्या होड्यांना ती लागली ती या जोडप्यामुळे. त्या नावाची इंजिने पुढे शंभराहून अधिक वर्षे बनत राहिली आणि २०२० साली बंद झाली.

बाईंविषयी पूर्ण आदर बाळगून मी एवढेच म्हणेन की, वल्ही फेकू नयेत. माझ्या होडीत दोन वल्ही, एक छोटा नांगर, तीस मीटर दोर आणि जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेटे असल्याशिवाय होडी धक्का सोडत नाही. जुन्या इंजिनाच्या मालकाने इंजिन बंद पडेलच असे धरून निघावे. मग न पडले तर आनंद होतो. वाशिष्ठीत ओहोटीचा ओढ भारी असतो, शिवाय मगरी आहेत. दाभोळला अंजनवेलच्या किल्ल्याखाली खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर लाटा फुटतात. त्या दांड्यापलीकडे हे इंजिन घेऊन मी बारा वर्षांत एकदाही गेलो नाही. पाहुणे आग्रह करतात, मुलांसमोर मला भित्राही म्हणतात. म्हणोत बापडे.

हे सगळे मला ज्यांनी शिकवले ते गोवळकोटच्या धक्क्याजवळ राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. पूर्वी ते वाळूच्या होड्यांवर तांडेल होते, पुढे इंजिने दुरुस्त करू लागले. पहिल्या वर्षी इंजिन बंद पडले की मी फोन करीत असे आणि ते पलीकडून एकामागून एक प्रश्न विचारीत, नेहमी त्याच क्रमाने. लाल दोरीची चाप जागेवर आहे? (माणूस पाण्यात पडला तर ओढली जाऊन इंजिन बंद करणारी ती चाप, ती निघालेली असेल तर बाकीचा सगळा खटाटोप व्यर्थ.) टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू सैल आहे? पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून कडक होतो का? मग प्लग काढा. ओला की कोरडा? प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल येत नाही, ओला म्हणजे येते पण पेटत नाही. ठिणगी पाहा. निळी की पिवळी? दहापैकी सात वेळा चाचांना तिसऱ्या प्रश्नापलीकडे जावेच लागत नसे. मिनिटा-दोन मिनिटांनी शांतपणे बंद पडणारे इंजिन म्हणजे हवेचा स्क्रू. मी वर्गात अन्वयार्थ शिकवतो तोही याहून वेगळा नसतो, पण विद्यार्थी आधीच शेवटच्या प्रश्नावर उडी मारतात.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवावे लागते, नाहीतर आतल्या वाटांत मीठ बसते. आमच्या शेजाऱ्यांना हा आवाज रविवारी संध्याकाळी ऐकावा लागतो, आणि त्याबद्दल दर कोजागरीला मी त्यांना दूध पाजतो. खाली एक जस्ताचा ठोकळा लावलेला असतो. खारे पाणी ॲल्युमिनियमच्या आधी त्याला खाते, म्हणजे तो खाल्ला जाण्यासाठीच असतो. झिजलेला पाहून आनंद मानायचा आणि नवा लावायचा. त्याच्यावर रंग मात्र मारायचा नाही. रंग दिला की तो कामातून गेला.

अलीकडे पेट्रोलने एक नवीच कटकट आणली आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या गावांना ते लाभले असेल, पण जुन्या आउटबोर्डच्या रबरी नळ्या त्या काळी या पाहुण्याचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. नळ्या नरम पडतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि खाडीकाठी ओलाव्याला तोटा नाही. पुरेसे पाणी शोषले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल आणावे, त्यात तेल मोजून घालावे (माझ्या इंजिनाला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर), आणि शेवटी नळी काढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन पिंपात चालवून बंद करावे. नळ्या मी दोन वर्षांपूर्वी सगळ्या बदलल्या.

आणि एक गोष्ट माझ्या इंजिनावर कितीही लोभ असला तरी सांगितली पाहिजे. जुने टू-स्ट्रोक घाणेरडे असते. त्याने घेतलेल्या पेट्रोलपैकी जवळजवळ पाव हिस्सा न जळताच बाहेर जातो, तेलासकट, आणि पाण्यावर जे इंद्रधनुष्य पसरते ते पाहून आमच्या मुलीने लहानपणी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ती वाजवत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरच्या टाहो सरोवरात कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने १९९९ सालीच बंद केली गेली. वर्षातून पंधरा रविवार तासाभरासाठी निघणाऱ्याने जुने इंजिन जपावे, यात मला वावगे वाटत नाही. पण रोज दिवसभर उतारू नेणाऱ्याने ते वापरू नये. त्याने नवे फोर-स्ट्रोक घ्यावे. याबाबत चाचांचे आणि माझे पटत नाही.

मग एवढे सगळे सोसून जुनेच का ठेवायचे? स्वस्त म्हणून, हे उत्तर खरे आहे; पण माझे तेवढेच नाही.

२१ जुलै २०२१ च्या रात्री आमच्याकडे, चिपळुणात, पाऊस सांडत होता तो पाऊस म्हणण्यासारखा नव्हता. २२ तारखेला पहाटे वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या गावात आल्या. २००५ च्या २६ जुलैच्या पुराची खूण वडिलांनी जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवली होती. सकाळी ती खूण दिसेना. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. इंजिन खालच्या खोलीत, लाकडी घोड्यावर, गोधडी पांघरून. ते गेले हे कळले होते. होडी अंगणात टायरवर पालथी घालून आंब्याला बांधलेली. पाणी चढले तसे शेजारची दोन मुले आणि मी गच्चीवरून दोर टाकून ती उलटवली, आणि ती तरंगली.

समोरच्या बैठ्या घरात एक वृद्ध जोडपे राहते. त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई, तिला सात महिन्यांचे मूल. चौघे माळ्यावर चढून कौले काढून बसली होती. अंतर पन्नास फूट असेल. त्या पन्नास फुटांत पाणी वाहत होते नदीसारखे, आणि त्याच्याबरोबर गॅसची सिलिंडरे, दारे, विजेच्या तारा, एक म्हैस. इंजिन कोरडे असते तरी मी लावले नसते. त्या गाळात पंखा दहा फुटांवर अडकला असता. आमच्या गच्चीच्या कठड्यापासून त्यांच्या वाशापर्यंत दोर नेला तो शेजारच्या थोरल्या मुलाने, पोहून. मग दोर धरून, वल्ह्याने तारा बाजूला सारत, होडी नेली आणि आणली. दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत आजोबा यायला तयार होईनात, आधी बाई आणि मूल. दुसऱ्या फेरीत आजी बसल्या, पण देवांचा डबा विसरला म्हणून परत चढायला निघाल्या; तो डबा आजोबांनी धोतरात बांधून आणला होता. पुढची रात्र आम्ही नऊ माणसे दोन खोल्यांत होतो. बाहेरची मदत पोचेपर्यंत गावात कोणावर काय आले ते नंतर कळत गेले, आणि ते सांगण्याची ही जागा नव्हे. होडीने केले ते एवढेच, पन्नास फूट, दोनदा.

पाणी ओसरल्यावर खालच्या खोलीतून इंजिन काढले तेव्हा ते चिखलाच्या गणपतीसारखे दिसत होते. नाकातोंडात पाणी जाणे हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे शिकवतो. फोन बंद, रस्ते बंद. पण चाचांनी फार पूर्वी सांगून ठेवले होते, “मास्तर, बुडलेलं मशीन पाण्यात मरत नाही. वर काढल्यावर हवेत मरतं. लगेच खोलायची तयारी असेल तर काढा. नसेल तर परत बुडवून ठेवा, पण गोड्या पाण्यात.” गावात पिण्याचे पाणी मिळत नव्हते, टँकरसमोर बायका रांगेत उभ्या होत्या. सौ.नी विहिरीकडे बोट दाखवले. पुराने आमची विहीर गढूळ, पिण्याला निरुपयोगी झाली होती. “हे पाणी त्याला, ते पाणी माणसांना,” एवढे बोलून त्या चूल लिंपायला गेल्या. मी विहिरीचे पाणी पिंपात निवळवले आणि इंजिन त्यात बुडवून ठेवले. दोरी ओढून पाहायचा मोह फार होतो. पण आत गाळ असताना दोरी ओढली की रेती सिलिंडर ओरबाडते, म्हणून दोरीच काढून ठेवली.

चौथ्या दिवशी चाचा चिखल तुडवत चालत आले. त्यांचे स्वतःचे घर छातीभर पाण्यात गेले होते. आमच्या ओसरीवर, चार पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि चाक उपटण्याचा एक सांगाडा एवढ्या सामग्रीवर दोन दिवसांत त्यांनी इंजिनाचा तुकडा न् तुकडा वेगळा केला. पाण्याने धुतले, मग रॉकेलने, मग स्पिरिटने; प्रत्येक बेअरिंगमध्ये बोटाने तेल घातले. गाळ सगळीकडे होता, अगदी कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकातसुद्धा. एक कॉइल आणि कंडेन्सर गेला होता. ते त्यांच्या जुन्या डब्यातून निघाले. सहाव्या दिवशी पिंपात इंजिन चालू झाले. आमची गल्ली तेव्हा घरातला चिखल फावड्याने काढत होती. आवाज ऐकून लोक आले, आणि चाचांना घेऊन गेले : कोणाची मोटारसायकल, कोणाचा पाण्याचा पंप, कोणाची पिठाची गिरणी. पुढचा महिनाभर ते आमच्याच ओसरीवर बसून होते. पैसे त्यांनी ज्याच्याकडे होते त्याच्याकडूनच घेतले.

त्याच पुरात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे नवे, वर्षाचे फोर-स्ट्रोक इंजिन बुडाले होते. ज्या दुकानातून घेतले त्यांनी सांगितले की, आतला छोटा संगणक गेला, तो बाहेरून मागवावा लागेल, आणि खर्च पाहता नवेच घ्या. त्यांचे म्हणणे हिशेबाने बरोबरही असेल. पण ओसरीवर मांडलेल्या माझ्या इंजिनाचा एकही भाग असा नव्हता, ज्याचे काम चाचांना दहावीच्या मुलाला सांगता आले नसते. मला आवडते ते हे. जुने इंजिन वरचेवर बिघडते, पण बिघडते ते आपल्या हाताला सापडेल अशा जागी.

तेव्हा पुण्याच्या गृहस्थांनो, फळी टणटणीत वाजत असेल, तेल चहासारखे नसेल, आणि मुख्य म्हणजे तुमच्या खाडीवर एखादे चाचा असतील, तर जरूर घ्या. चाचा नसतील तर होडी घ्या, वल्ही घ्या, इंजिन राहू द्या.

कारण ही माणसे आता थोडी उरली आहेत. चाचांचा मुलगा कुवेतला वातानुकूलनाच्या कामावर आहे, तो परत येऊन हा डबा उघडील असे वाटत नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डावा व्हायचा आहे. जुन्या इंजिनात चकतीखाली ठिणगीचे पॉइंट असतात, त्यांच्यात नेमकी अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावी लागते. ती फट चाचांना आता दिसत नाही. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर हे काम आमच्या मुलीकडे आले आहे. ती अकरावीत आहे. फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा चाचांनी तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “वहीतून मोरपीस ओढताना लागतं ना, तेवढं लागलं पाहिजे. जास्त नाही.” तिने तीनदा लावले. तिन्ही वेळा त्यांनी पट्टी स्वतः ओढून पाहिली आणि मान हलवली. चौथ्यांदा काही न बोलता पाना ठेवून दिला आणि चहा मागितला.

त्या जुडग्यातल्या पट्ट्यांवरचे आकडे झिजून गेले आहेत. मुलीने अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. चाचा आता ती पट्टी ठिपक्यावरून काढतात.